नदीने सासरी गेलेलं कपाट

आधीच सांगून ठेवते, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. खोटं बोलणाऱ्याची जीभ यमराज चिमट्याने उपटतो हे मला चार वर्षांची असल्यापासून माहीत आहे, आणि माझी जीभ मला अजून लागते. दात चारच उरलेत, चव घ्यायची ती जिभेनेच. एक अक्षर मनाचं घातलं असेल तर हजार सुया गिळीन, त्याही लोणच्याशिवाय. तेव्हा मध्येच "आजी, काहीतरीच तुझं" असं म्हणायचं नाही. म्हणायचंच असेल तर आत्ता म्हणून घ्या.

झालं म्हणून? बरं.

माझं माहेर कामो गावचं. आमच्याकडे मुलगी झाली की बाप कुदळ घेऊन परसात जायचा आणि किरीचं, त्या हलक्या पांढऱ्या लाकडाच्या झाडाचं, रोप लावायचा. मुलगी वाढते, झाड वाढतं, आणि तिचं लग्न ठरेपर्यंत त्या झाडातून तिच्या कपड्यांचं कपाट निघेल एवढं खोड होतं. माझ्या बाबांनीही लावलं. आता किरी भराभर वाढते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण माझं झाड जरा जास्तच उतावळं होतं. सकाळी त्याच्या फांदीवर चादर वाळत घातली की संध्याकाळी काढायला शिडी लागायची. आईच्या दोन चादरी तशाच वर गेल्या, त्या झाड पाडल्यावरच परत मिळाल्या.

पण लाकूड कापलं आणि लगेच कपाट केलं, असं चालत नाही. फळ्या दोन-तीन वर्षं उघड्यावर उभ्या कराव्या लागतात. ऊन, पाऊस, बर्फ सगळं त्यांच्यावरून जायला लागतं. आतला काळा रस धुऊन गेला पाहिजे, नाहीतर कपाट पुढे डागाळतं. म्हणून बाबांनी मी अठरा वर्षांची झाले तेव्हाच झाड पाडलं. तोवर मला कोणी विचारायलाही आलं नव्हतं. भिंतीला टेकून फळ्या उभ्या राहिल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कळलं, या घरात मुलगी आहे. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. बाबांची बहीण तोकु आत्या आमच्याकडेच राहायची, तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. ती दर हिवाळ्यात म्हणायची, "फळ्या बाहेर वाळतायत, पोरगी आत वाळतेय. बघू, आधी कोण तयार होतंय."

फळ्या आधी तयार झाल्या. तिसऱ्या वर्षी बाबांनी त्या हेइकिची मिस्त्रीकडे नेल्या.

हेइकिची मिस्त्री तेव्हा पंचेचाळिशीचा असेल. बोलायचा कमी. बोललाच तर लाकडाशी. मला त्याच्याकडे जायचं निमित्त लागायचं, म्हणून मी त्याच्या बायकोला मुळे नेऊन द्यायचे आणि मग दारात उभी राहून बघत बसायचे. लोखंडाचा एक खिळा त्याने माझ्या कपाटात घातला नाही. लाकडाचेच खिळे, तांदळाच्या कोंड्यात कढईत खमंग भाजलेले. मी एकदा एक चावून बघितला. चव बरी होती, दाढ मात्र दुखली.

आणि खण! एक खण बसवायला तो दोन दोन दिवस घ्यायचा. रंध्याचा एक हात मारायचा, खण आत सरकवायचा, बाहेर काढायचा, पुन्हा अर्धा हात. ढलपी एवढी पातळ निघायची की तिच्यातून मला त्याचा चेहरा दिसायचा. मी म्हटलं, मिस्त्री, जातोय की आत, अजून काय पाहिजे? तो म्हणाला, "नुसता गेला म्हणजे झालं नाही. जाताना त्याने हवेला विचारलं पाहिजे."

मला काही कळलं नाही. कपाट घरी आलं तेव्हा कळलं. वरचा खण एका बोटाने ढकलला, तो सूं करत आत गेला, आणि खालचे दोन खण आपण होऊन बाहेर आले. आत कोंडलेल्या हवेला जायला केसभर फटसुद्धा नाही, मग ती बिचारी दुसऱ्या खणाला ढकलून बाहेर येणार. तोकु आत्याला हे माहीत नव्हतं. तिने बाहेर आलेला खण धाडकन लावला, तर वरचा बाहेर. वरचा लावला, तर मधला बाहेर. अर्धा तास ती त्या कपाटाशी भांडत होती. शेवटी बाहीने घाम पुसत म्हणाली की हे कपाट हट्टी आहे, पोरीवर गेलंय. खण हळू लावायचा असतो, एवढंच होतं. घाई केली की ते कपाट आपल्याला तोंडावर पाडायचं. त्याच्यामुळे मी आयुष्यात पहिल्यांदा सावकाश वागायला शिकले.

तेवढ्यात माझं जमलं. मुलगा नदीकाठच्या मिसोवाल्यांचा, सोयाबीन आंबवून विकणाऱ्यांचा, योइची. बघायच्या कार्यक्रमात त्याने आईच्या डोळ्यादेखत चार दांगो, तांदळाच्या पिठाचे गोड गोळे, खाल्ले, पाचवा माझ्या बशीत ठेवला आणि कान लाल करून खिडकीबाहेर बघत बसला. मी तिथेच ठरवलं, हाच. त्याच्या आईला मात्र मी नको होते. मिने सासूबाईंना व्यापाऱ्याची मुलगी हवी होती, लाकूडतोड्याची नव्हे. मुलगा ऐकेना म्हणून त्या कशाबशा हो म्हणाल्या, पण निरोप पाठवला: मुहूर्त सकाळचा आहे. देवळातली दुपारची घंटा व्हायच्या आत नवरी आणि तिचं सामान उंबऱ्याच्या आत पाहिजे. घंटा झाली की मी दार लावीन, आणि हे नशिबात नव्हतं असं समजेन.

बाबा म्हणाले, तासाभराची तर वाट आहे.

एप्रिल महिना, डोंगरावरचं बर्फ वितळून नदी तुडुंब भरलेली. आम्ही तीनचाकी ट्रक भाड्याने घेतला, त्याला लाल-पांढरं कापड बांधलं. मागे कपाट उभं, त्याच्याशेजारी गाद्यांचं गाठोडं, आणि कपाटाला धरून हेइकिची मिस्त्री. तो सामान पोचवायला स्वतः यायचा, कारण नव्या घरातली जमीन कुठे वर कुठे खाली असते, आणि कपाट तिरकं उभं राहिलं तर खण चिडतात. पुढे ड्रायव्हर, मी आणि तोकु आत्या. बाबा पायरीवर लटकलेले. मला पांढरी टोपडी, पांढरा किमोनो, अंगभर इतकं गुंडाळलेलं की श्वास उसना घ्यावा लागत होता.

आता नवरीच्या ट्रकचा नियम तुम्हाला सांगायला नको. तो मागे जात नाही. एक वीतभरसुद्धा नाही. सामान मागे वळलं की नवरी माहेरी परत येते म्हणतात. म्हणून समोरून कोणीही येवो, दूधवाला येवो, पोलीस येवो, त्याने बाजूला व्हायचं आणि आपण त्याच्या हातात साकेची, तांदळाच्या दारूची, बाटली देऊन पुढे जायचं. हा नियम सगळ्यांचा. तोकु आत्याचा त्यावर आणखी एक होता: नवरी आणि तिचं कपाट, दोघांनी सासरच्या उंबऱ्याआधी जमिनीला टेकायचं नाही. हा तिने कुठून आणला देव जाणे, पण तिच्यासमोर कोण बोलणार?

नदीच्या बांधावरची वाट ट्रकाएवढीच रुंद. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पाणी सोडलेलं भाताचं शेत. त्या बांधाची अर्धी वाट आम्ही गेलो, आणि समोरून ट्रक आला. लाल-पांढरं कापड बांधलेला.

त्यातही नवरीच होती.

दोन्ही ट्रक नाकाला नाक लावून उभे राहिले. कोण मागे घेणार? आमचा ड्रायव्हर बाटली घेऊन उतरला, त्यांचा बाटली घेऊन उतरला. दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला, बाटल्या पुढे केल्या, आणि दोघांच्या लक्षात आलं की घेतली तर मागे जावं लागेल. कोणी बाटली घेईना. त्या नवरीचा मामा कुमाझो, बैलासारखा माणूस, तो बाबांना म्हणाला, "तुमची पोर अजून लहान दिसते. तिला घाई काय? आमची अठ्ठावीसची आहे, आम्ही मागे गेलो तर पुन्हा निघणार नाही." काच बंद होती, पण त्या नवरीला ऐकू गेलं. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे झाला. ट्रक नाही, नुसता कुमाझो.

मग सगळ्यांनी डोकं चालवलं. बाबा म्हणाले, सामान उतरवून हातावर पलीकडे नेऊ. तोकु आत्या म्हणाली, जमिनीला टेकलं तर मी इथेच जीव देईन. कुमाझो म्हणाला, आमचं सामान तुमच्या ट्रकात, तुमचं आमच्या ट्रकात. आत्या म्हणाली, आणि नशीबही बदलून घ्यायचं का, अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंतचं? असं करता करता तास गेला. दोन्ही ड्रायव्हर बांधावर बसले, आणि बाटली घ्यायची नाही तर निदान एकमेकांची प्यायची, असं त्यांनी ठरवलं. मी काचेतून त्या नवरीकडे बघत होते, ती माझ्याकडे. तिने बाहीतून तांदळाची कुरकुरीत चकती काढली, अर्धी तोडली, काच खाली करून माझ्यापर्यंत हात पोचवला. आम्ही दोघी खात बसलो. नदीपलीकडच्या देवळाचं छप्पर दिसत होतं. घंटेला आता अर्धा तास.

मला रडू येत नव्हतं. मला फक्त ती दांगोची बशी आठवत होती.

इतका वेळ हेइकिची मिस्त्री कपाटाला धरूनच उभा होता. तो म्हणाला, "नदी कधी मागे जाते का?"

तो तोकु आत्याकडे वळला. "आत्याबाई, पाणी म्हणजे जमीन नाही ना?"

आत्याने बराच विचार केला. नाही, म्हणाली. पाणी म्हणजे जमीन नाही.

मिसोवाल्यांच्या घराच्या मागच्या पायऱ्या नदीत उतरतात, आणि ते घर खालच्या अंगाला, पाऊण मैलावर. म्हणजे नदी आपल्याला पुढेच नेणार, आणि जमीनही लागणार नाही. बाबांचा चेहरा पांढरा पडला. आत आईचा किमोनो होता, आजीचा होता, रेशीम ओलं झालं की संपलं. त्यांनी विचारलं, तेलाचा कागद गुंडाळू या का निदान. मिस्त्रीला राग आलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. त्याने कमरेचा लहान रंधा काढला आणि सगळ्यांसमोर धरला.

"एक थेंब जरी आत गेला ना, तर हा मी याच नदीत टाकीन आणि परत कधी हातात धरणार नाही."

आणि तो तसं करणारा माणूस होता. गावात सगळ्यांना माहीत होतं. एकदा गिऱ्हाइकाच्या घरी खण कुरकुरला म्हणून त्याने अख्खं कपाट परत आणून, फोडून, त्यावर अंघोळीचं पाणी तापवलं होतं.

कुमाझोने एक बाजू धरली, बाबांनी एक, दोन ड्रायव्हरांनी पाय. कपाट ट्रकावरून थेट पाण्यात, पाठीवर आडवं, खण आभाळाकडे. ते बुडलं नाही, नुसतं एकदा डुललं. म्हणे, किरीच्या लाकडात अर्धी हवाच असते. माझ्या झाडात तर पाऊण असावी. मग त्यावर गाद्यांचं गाठोडं ठेवलं, आणि गाठोड्यावर मला. कारण मीही जमिनीला टेकायचं नव्हतं ना. मिस्त्री गळ्याएवढ्या पाण्यात उतरून कपाटाची कड धरून चालू लागला. बर्फाचं पाणी, ओठ जांभळासारखे निळे. बाबा दोर धरून बांधावरून, आत्या मागून सूचना देत. मोकळा झालेला आमचा ट्रक आता कितीही मागे जाऊ शकत होता, त्याने वाट दिली आणि ती नवरी हात हलवत पुढे गेली.

तुम्ही कधी कपाटावर बसून नदीतून गेलायत? नाही ना. मग ऐका. आवाज काहीच येत नाही. खालून लाकूड एवढंसं गुणगुणतं, तेवढंच. काठावर बायका भाजी धुत होत्या, त्यांच्या हातातली भाजी वाहून गेली. एक बगळा आला, गाठोड्याच्या टोकावर बसला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि माझ्या टोपडीपेक्षा तो जास्त पांढरा आहे अशी खात्री करून उडून गेला. मला वाटलं, माझं झाड परसात उभं होतं तेव्हा मी त्याच्या फांदीवर अशीच बसायचे. अठरा वर्षं ते एका जागी उभं राहिलं आणि मी त्याच्याभोवती पळाले, आता ते चाललंय आणि मी बसलेय.

पायऱ्यांवर अख्खं मिसोवाल्यांचं घर जमलं होतं. मधोमध मिने सासूबाई, हात बाहीत. योइची पाण्यात उतरला तो बुटांसकट. त्याने आणि त्याच्या भावांनी कपाट पाण्यातून उचललं आणि तसंच पायऱ्यांवरून, उंबऱ्यावरून आत नेलं. मला त्याने पाठीवर घेतलं. आम्ही आत टेकलो आणि घंटा झाली. पहिला टोला की दुसरा, यावर पुढे वीस वर्षं वाद चालला.

सासूबाई सरळ कपाटापाशी गेल्या. त्यातून पाणी निथळत होतं, बाहेरून. दारात हेइकिची मिस्त्री उभा, अंगातून वाफा निघत होत्या, आणि रंधा हातात. सासूबाईंनी वरचा खण ओढला. आईचा किमोनो. त्यांनी हाताचा पालथा पंजा रेशमावरून फिरवला, मग गालाला लावला. कोरडा. दुसरा खण. कोरडा. तिसरा. कोरडा. त्यांना चूक सापडेना म्हणून त्यांनी तो तिसरा खण जरा जोरातच लावला, आणि सगळ्यात खालचा खण बाहेर आला आणि त्यांच्या नडगीवर आपटला.

सासूबाईंनी नडगी चोळली. खणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"निदान कपाटाला तरी वाकून नमस्कार करायची रीत ठाऊक आहे."

योइची हसला. मग सगळेच हसले. त्यांना वाकता येईना म्हणून मी पुढे झाले, खालच्या खणात हात घातला, सगळीकडे चाचपडलं आणि म्हटलं, कोरडं ठक्क आहे आई, एक थेंब नाही. खण हळू लावला. हळू, म्हणजे दुसरा कोणी बाहेर येऊ नये. मिस्त्रीने रंधा कमरेला खोचला आणि धाडकन जमिनीवर बसला. त्याला तीन वाट्या गरम मिसो सूप पाजलं तेव्हा कुठे त्याचे ओठ माणसाचे झाले. मग त्याने एक कागद मागून घेतला, त्याची घडी करून कपाटाच्या डाव्या पायाखाली घातली, डोळा बारीक करून बघितलं, आणि घरी गेला.

त्या कपाटात मग माझं सगळं आयुष्य राहिलं. योइचीचे सदरे, मुलांच्या शाळेच्या टोप्या, सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचा काळा किमोनो. कसर लागली नाही, बुरशी धरली नाही. पावसाळ्यात लाकूड फुगून खण घट्ट मिटायचे, हवा सुकली की सैल सोडायचे. कोणी त्याच्याकडे लक्ष देत नसे, आणि चांगल्या वस्तूला बहुतेक तेच आवडत असावं. कड्या मात्र जिथे हात लागायचा तिथे उजळत गेल्या. सासूबाईंचा हात लागायचा ती जागा अजून वेगळी ओळखू येते. त्या डावखुऱ्या होत्या.

तीस वर्षांनी कपाट काळवंडलं, तेव्हा मिस्त्री पाठीत वाकून आला. जुनं कपाट परत नेऊन त्याच्या अंगावरून कागदाएवढा थर रंधून काढला की आतून पुन्हा नव्या नवरीसारखं पांढरं लाकूड निघतं. त्याने वरचे तीन खण नेले, सांगाडा नेला. खालचा खण मी दिला नाही. तो का, म्हणून विचारत राहिला. मी म्हटलं, त्यात बायकांच्या वस्तू आहेत. त्याचे कान लाल झाले आणि परत त्याने विचारलं नाही. म्हणून तो एक खण बाकीच्यांपेक्षा काळा आहे. तुम्ही सगळे विचारता, आजी हा असा का, आणि मी दर वेळी वेगळं सांगते. आता मिस्त्रीला जाऊन बारा वर्षं झाली, तर खरं सांगून टाकते. एवढी एकच गोष्ट मी मघाशी मनाची घातली.

कोरडं ठक्क नव्हतं. खणाच्या कोपऱ्यात माझ्या पांढऱ्या मोज्याचं टोक ओलं होतं. त्याखाली लाकडावर डाग, भोपळ्याच्या बीएवढा. त्यात मिस्त्रीची काहीच चूक नव्हती. निघताना मीच घाईत मोजे कोंबले होते, एकाची कड फटीत अडकून राहिली, आणि त्या कडेवरून पाणी आत चढलं. पण त्याला हे सांगितलं असतं, तर थेंब तो थेंब, म्हणाला असता, आणि नदी चार पावलांवर होती. मी मोजा बाहीत सरकवला आणि लग्नाचे सगळे विधी तो ओला गोळा कोपराला लावून केले. त्यानंतर तो माणूस तेहेतीस वर्षं रंधा चालवत होता.